स्वतःचे केस लावायचे की कृत्रिम? इन्फेक्शनचा विचार करून बघा

माझ्या मावसभावाचं डिसेंबरात लग्न आहे आणि अंधेरीतल्या एका क्लिनिकने त्याच्यासमोर दोन पर्याय ठेवलेत, ट्रान्सप्लांट, नाहीतर कृत्रिम केसांचं इम्प्लांट म्हणजे लगेच डोकं भरलेलं. घाईत असल्यामुळे तो दुसऱ्याकडे झुकलाय. त्याला जे सांगितलं तेच लिहितेय.

ट्रान्सप्लांटमध्ये मागच्या बाजूने साधारण 1 मिमीच्या पंचने स्वतःचीच मुळं काढून पुढे बसवतात. छेद हजारो, पण बारीक, आणि टाळूला रक्तपुरवठा भरपूर म्हणून आठ-दहा दिवसांत खपल्या पडून जागा बंद होते. काळजी घेणाऱ्या ठिकाणी खरं इन्फेक्शन क्वचितच होतं. नंतर नवीन केस फुटताना पुटकुळ्या येतात त्याला लोक घाबरतात, पण ते बहुतेक वेळा इन्फेक्शन नसतं. मागच्या कातडीची केसांसकट पट्टीच कापून काढायच्या पद्धतीत टाक्यांची एक लांब जखम सांभाळावी लागते, एवढाच फरक.

कृत्रिम केस म्हणजे गाठ मारलेला धागा, गाठ कातडीखाली आणि धागा बाहेर, मग ते भोक बंद होणार कसं? घाम, तेल, बॅक्टेरिया सगळ्यांना आत जायला कायमची वाट, शिवाय शरीर त्या धाग्याला परका समजून सूज आणतं ते वेगळंच. अमेरिकेत 1983 पासून यावर बंदी आहे. युरोपात नवीन प्रकारचे धागे चालतात, पण भोक तिथेही उघडंच राहतं ना! पिकलं की धागे उपटावे लागतात, गाठ आत राहू शकते, व्रण पडले तर पुढे ट्रान्सप्लांटसाठीही जागा खराब होते. मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत, हेल्मेटखाली हे दरवर्षी सांभाळायचं. ट्रान्सप्लांटला मात्र मुख्य जपणूक पहिल्या दहा-पंधरा दिवसांची, तीही शक्यतो पावसाळा टाळून.

पण ट्रान्सप्लांटही कुठेही करू नका. डॉक्टरांसाठी नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच सांगितलंय की हे काम प्रशिक्षित डॉक्टरचं आहे, म्हणून छेद कोण देणार, टेक्निशियन की डॉक्टर, हे तोंडावर विचारा. अवजारं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतुमुक्त, होतात का तेही विचारा. शुगर असेल तर आधी ती आटोक्यात आणा.

मी भावाला म्हटलं, लग्नाला क्लिपने लावायचा केसांचा पॅच लाव, ट्रान्सप्लांट नंतर निवांत कर, तसेही ते केस दिसायला आठ-दहा महिने जातात.

आणि कुठलंही केलंत तरी तीन-चार दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरली, पू किंवा ताप आला तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरला दाखवा, क्लिनिक बंद असलं तर मुंबईतल्या केईएम, सायन, नायर हॉस्पिटलची कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते.