बॅकडोअर घुसलं: स्कॅन की फॉरमॅट?
कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर परवा माझ्याकडे आला. फुकटच्या क्रॅक (लायसन्स तोडलेल्या) सॉफ्टवेअरबरोबर बॅकडोअर, म्हणजे बाहेरच्याला गुपचूप आत येऊ देणारा प्रोग्राम, आत शिरलं होतं. सगळे प्रोग्राम बंद असतानाही नेटस्टॅटमध्ये (कॉम्प्युटर नेटवर कुणाकुणाशी जोडलाय ते दाखवणारी कमांड) बाहेरचा एक अनोळखी पत्ता सतत जोडलेला दिसत होता.

नेट तोडून विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावणं सोपं. विंडोज सुरू व्हायच्या आधीच ते तपासतं, म्हणून दडून बसलेलंही सापडतं. साधारण १५ मिनिटांत काम होतं, हिशेब जागच्या जागी राहतात. पण बॅकडोअर म्हणजे चोरदरवाजा. त्यातून मागाहून आणखी काय आणून ठेवलंय, याची हमी स्कॅन देत नाही.

फॉरमॅटला अर्धा दिवस जातो. स्वच्छ कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज घ्यायचं, जुनी पार्टिशनं (डिस्कचे भाग) पुसायची. बॅकअप फक्त कागदपत्रांचा आणि फोटोंचा. जुनी एकही एक्सई (प्रोग्रामची) फाइल परत आणायची नाही.

ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, तिथं मी फॉरमॅटच करतो. त्या व्यापाऱ्यालाही तेच सांगितलं. नुसत्या जाहिराती उसळत असतील, तर स्कॅन पुरे. पासवर्ड मात्र दुसऱ्या मशीनवरून बदला, आधी ईमेलचा.