ग्रीन एकर्स : पंचायतीत नोकरी केलेल्याने पाहावीच अशी मालिका

'ग्रीन एकर्स' १९६५ ते १९७१ या काळात अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर चालली. एकूण भाग १७०. पूर्ण संच भाच्याने तिकडून आणून दिला आणि आता गोव्यात, फोंड्याला आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की एखादा भाग लागतोच.

न्यूयॉर्कचा वकील ऑलिव्हर डग्लस शेतीच्या ओढीने हूटरव्हिल गावात हेनी नावाच्या बिलंदर विक्रेत्याकडून मोडकं घर आणि जमीन घेतो. बायको लिसाला शहर सोडायचं नसतं, तरी ती येते. पुढे गावाचे रीतीरिवाज आणि वकिलाचं तर्कशास्त्र यांची रोजची झटापट.

पंचायत सचिव म्हणून मी आयुष्य घालवलं, त्यामुळे माझा जीव अडकला तो या मालिकेतल्या कारभारात. कृषी अधिकारी हँक किंबल बघा. एक वाक्य सुरू करतो, लगेच ते दुरुस्त करतो, मग दुरुस्तीची दुरुस्ती, आणि शेवटी प्रश्न काय होता तेच हरवतं. माणूस मात्र निर्मळ, कोणाला छळावं असं त्याच्या मनातही नाही. दुकानदार सॅम ड्रकर पोस्टमास्तरही आहे आणि गावचं वर्तमानपत्रही तोच काढतो. टेलिफोन घरात नाही, खांबाच्या टोकावर. घंटा वाजली की सूट-टायमधला वकील खांबावर चढतो. जनरेटरची तर कमालच: प्रत्येक उपकरणाला आकडा दिलेला, आणि चालू उपकरणांची बेरीज सातच्या वर गेली की वीज गेली. लिसाला ही बेरीज पटकन जमते, नवरा मात्र नियमाचं कारण विचारत बसतो.

शेजारच्या झिफेल दांपत्याने आर्नोल्ड नावाचं डुक्कर पोरासारखं वाढवलंय. एका भागात या आर्नोल्डला चक्क लष्करभरतीची नोटीस येते. यादीत नाव आहे, म्हणजे माणूस आहे! ज्यांनी सरकारी कचेरी आतून पाहिली आहे त्यांना हा भाग अतिशयोक्त वाटणार नाही. आमच्याकडे एक म्हातारी घरपट्टीच्या पावत्या रुमालात बांधून आली होती. तिच्या घराचा क्रमांक पडून गेलेल्या शेजारच्या घराच्या नावे लागला होता. एका कचेरीतून पाहणीला माणूस आला, तिच्याच पडवीत बसून चहा प्याला आणि 'सदर घर जागेवर आढळले नाही' असा अहवाल देऊन गेला. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर मयत आजोबांचं नाव तसंच राहिल्याने अडलेली कुळं, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) तर प्रत्येक गावात भेटतात. डोळ्यांसमोर उभं आहे ते खोटं आणि कागदावर आहे ते खरं, ही गोष्ट या मालिकेइतकी नेमकी मी कुठे पाहिली नाही.

आणि गावच्या लोकांना मालिकेने कुठेही मूर्ख ठरवलेलं नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांना ती व्यवस्था कळते, तिच्यातून वाट कशी काढायची तेही कळतं. अडतो तो शिकलेला माणूस, कारण प्रत्येक नियमामागे काहीतरी शहाणपण असेलच असं तो धरून चालतो. ऑलिव्हर झालेल्या एडी अल्बर्टने त्याची तळमळ इतकी मनापासून केली आहे की हसतानाही त्याची बाजू सोडवत नाही.

उणिवाही आहेत. ध्वनिमुद्रित हशा कानाला टोचतो. लिसाच्या बिघडलेल्या स्वयंपाकाचा विनोद फार वेळा येतो. हूटरव्हिलची बोली पहिल्यांदा समजायला कठीण, आणि मराठी उपशीर्षकं नाहीत. १९७१ मध्ये शहरी, तरुण प्रेक्षकांच्या मागे लागून सीबीएसने आपल्या ग्रामीण मालिका एकामागून एक बंद केल्या, त्यात हीही गेली. शेवटचे दोन भाग तर नव्या मालिकांची चाचणी म्हणून केलेले, त्यांत हूटरव्हिल जवळपास नाहीच.

पहिला भाग माहितीपटाच्या थाटात आहे, तो चुकवू नका. तिथून पुढे क्रमाने बघा, म्हणजे किंबल आणि ड्रकर अंगवळणी पडतात. ते शेवटचे दोन भाग वगळले तरी चालतील.