लालबुंद ट्यूना आणि माझा लालबुंद चेहरा

जेवून उठले, हात धुताना सहज आरशात बघितलं तर चेहरा, गळा, छाती सगळं लालेलाल, कान तापलेले, छातीत धडधड आणि डोकं असं ठणकत होतं की धड उभं राहवेना. जेवण संपून जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. नवऱ्याचंही डोकं दुखत होतं पण त्याला वाटलं उन्हातून आलोय म्हणून असेल. थोड्या वेळाने मला पोटात कळा यायला लागल्या, दंडांवर गांधी उठल्या, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो आणि डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी विचारलं काय खाल्लं, मी सांगितलं ट्यूना, ते म्हणाले फिश ॲलर्जी. ॲलर्जीचं औषध दिलं, तासाभरात उतार पडायला लागला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं, आणि मी मनाशी धरून बसले की संपलं, आता आयुष्यभर मासे बंद.

पुढचे तीन महिने मी खरंच मासे खाल्ले नाहीत. आणि ती ॲलर्जी नव्हतीच, नीट थंड न ठेवलेल्या माशातून झालेली विषबाधा होती बहुतेक. म्हणून हे सगळं लिहितेय, कारण माझ्यासारखे कितीजण "मला मासे सोसत नाहीत" म्हणत बसले असतील आणि खरा दोष विकणाऱ्याचा असेल देव जाणे.

आता पहिल्यापासून सांगते. ऑनलाइन मासे विकणाऱ्या एकाकडून ऑर्डर केली होती, नाव लिहीत नाही, वाद नको. ट्यूनाचे फिलेट, म्हणजे काटे काढलेले मांसाचे तुकडे, आणि सोललेल्या कोळंबीची दोन पाकिटं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं "कालच पकडलेला, कधीही फ्रोझन न केलेला". बॉक्स यायला सांगितलेल्या वेळेपेक्षा पाच तास उशीर झाला. उघडला तर आतले जेल पॅक पूर्ण वितळून लुळे पडलेले, हात लावला तर गार म्हणावं इतकंही गार नाही. मी ते बघितलं हो, बघून सोडून दिलं, कारण मासा दिसायलाच इतका सुंदर होता, कापलेल्या कलिंगडासारखा लाल. म्हटलं एवढा ताजा रंग आहे म्हणजे काही बिघडलेलं नाही. इथेच मी फसले. नुसता शिळा माल गळ्यात मारला असता तर रंगावरून तरी कदाचित कळलं असतं, इथे माझ्या डोळ्यांनाच गंडवलं होतं.

मासा मी नीट शिजवला होता, आतपर्यंत, कच्चा-बिच्चा अजिबात नाही. पहिल्याच घासाला जिभेवर चुरचुरलं. मी नवऱ्याला विचारलं मिरपूड जास्त पडली का रे, तो म्हणाला तू मिरपूड घातलीच नाहीयेस. आम्ही हसलो आणि खाल्लं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

उरलेला एक कच्चा तुकडा फ्रीजमध्ये होता, आजारपणात विसरूनच गेले. सहाव्या दिवशी फ्रीज उघडला तर असा भपकारा आला, अमोनियासारखा, आणि तुकडा बघते तर अजून तसाच लाल, पहिल्या दिवशी होता त्याहून एक छटासुद्धा कमी नाही. सहा दिवस झालेला, वास मारणारा मासा आणि रंग नव्या नवरीसारखा. किळस येऊन फेकून दिला. ही माझी दुसरी चूक, तिच्याकडे नंतर येते.

तीन महिन्यांनी एका मैत्रिणीशी बोलताना विषय निघाला, ती फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, नवऱ्यालाही त्रास झाला होता का?" मी म्हटलं हो, डोकं दुखलं होतं आणि कान लाल झाले होते. ती म्हणाली, "मग दोघांना एकाच ताटावर एकाच दिवशी ॲलर्जी कशी झाली? तू आधी ट्यूना खात नव्हतीस का?" खात होते की, कितीतरी वर्षं.

तिने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. ट्यूना, बांगडा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल मुळातच भरपूर असतं. मासा मेल्यावर तो थंड ठेवला नाही तर त्याच्यावरचे काही बॅक्टेरिया या हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन म्हणजे तेच जे ॲलर्जीत आपलं शरीर स्वतः सोडतं, म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीची दिसतात आणि म्हणूनच ॲलर्जीच्या गोळीने बरंही वाटतं, म्हणजे डॉक्टरांचं औषध बरोबर होतं, फक्त निदान चुकलं. ते जिभेवरचं चुरचुरणं हे याचंच ठरलेलं लक्षण. बरं, एकाच माशाच्या एका तुकड्यात हिस्टामिन खूप आणि शेजारच्या तुकड्यात कमी असंही होतं, त्यामुळे मी आडवी पडले आणि नवरा डोकेदुखीवर सुटला. कोडेक्स म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं, त्यात माशातल्या हिस्टामिनची मर्यादा आहे किलोमागे २०० मिलिग्रॅम. ज्यांना दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, किंवा टीबीसाठी आयसोनियाझिड चालू आहे त्यांना हे जास्त जड जाऊ शकतं, आयसोनियाझिडमुळे शरीराची हिस्टामिन मोडायची ताकदच कमी होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला चाळीशी ओलांडून कळलं: हिस्टामिन एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझ करून जात नाही, डबाबंद करूनही जात नाही. शिजवल्यावर बॅक्टेरिया मरतात, पण त्यांनी करून ठेवलेलं हिस्टामिन तिथेच राहतं. "नीट शिजवलं की सगळं चालतं" हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि तेच घोकत राहिले.

मग रंगाचं काय? तर ट्यूनाचा लाल रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे मांसातल्या एका लाल प्रोटीनचा. साधा, काही न केलेला ट्यूना कापून ठेवला तर काही दिवसांत तपकिरी पडायला लागतो, ते अगदी नैसर्गिक आहे, आणि तो तपकिरीपणाच आपल्याला सांगतो की आता वेळ झाली. पण त्याला कार्बन मोनॉक्साइड वायू दिला की तो मायोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि मांस छान गुलाबी-लाल दिसत राहतं, आतून सडलं तरी. वायूचा तेवढा अंश खाऊन काही होत नाही म्हणतात, प्रश्न तो नाहीच, प्रश्न हा की धोक्याचा दिवाच काढून टाकलाय. युरोपियन युनियन आणि जपानमध्ये माशांवर हे चालत नाही, अमेरिकेत चालतं. माझ्या तुकड्याला तेच केलं होतं हे मी छाती ठोकून सांगू शकत नाही, टेस्ट झाली नाही, पण सहा दिवस फ्रीजमध्ये राहून वास मारणारा ट्यूना असा लाल दुसऱ्या कशाने राहील मला तरी माहीत नाही.

शिवाय फिलेटला ना डोळे ना कल्ले. अख्खा मासा असता तर डोळे फुगीर आणि स्वच्छ आहेत का, कल्ले लाल आहेत का, बोट दाबलं तर खड्डा भरून येतो का, हे बघता येतं. फिलेट घेताना आपण फक्त रंग बघतो, आणि फसवायला नेमका तोच सापडतो.

त्या पाच तासांच्या उशिराबद्दल. मैत्रिणीने एक ढोबळ हिशोब सांगितला, ० अंशाला म्हणजे वितळत्या बर्फात मासा ज्या वेगाने खराब होतो त्याच्या साधारण सव्वादोन पट वेगाने ५ अंशाला होतो आणि १० अंशाला चौपट. म्हणजे आपल्याला हाताला "बऱ्यापैकी गार" लागतं ना, ते माशासाठी गार नसतंच. घरच्या फ्रीजमध्ये ४ अंशाला कच्चा मासा एक-दोन दिवसच ठेवायचा. मी चौथ्या दिवशीही "अजून चांगलाय" म्हणून खाल्लेला आहे कितीदा, नशीब बलवत्तर म्हणायचं.

"कधीही फ्रोझन न केलेला" हेही बहुतेक खोटंच होतं. पाकीट फोडल्यावर खाली बरंच पाणी साठलेलं होतं आणि मांस मऊ, बोट दाबलं की दबून राहायचं. हळू हळू फ्रीझ केलं की मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फुटतात, मग वितळताना पाणी सुटतं, त्याच्याबरोबर थोडं प्रोटीनही जातं. फ्रोझनला माझा विरोध नाही हां, उलट बोटीवरच झटपट फ्रीझ केलेला मासा आठवडाभर इकडून तिकडे फिरलेल्या "ताज्या" माशापेक्षा केव्हाही बरा. पण वितळवून, ताजा म्हणून, वर नवीन तारीख मारून विकणं म्हणजे लबाडी आहे. पाकिटावर तारीख होती, पण कसली? पॅकिंगची. मासा कधी पकडला, कधी फ्रीझ केला, कधी वितळवला यातलं काहीच नाही. उणे १८ अंशालासुद्धा तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत चवीला उतरायला लागतात कारण ज्या ओमेगा-३ साठी आपण ते घेतो तेच तेल हवेने खवट होतं, कमी चरबीचे मासे सहा ते आठ महिने टिकतात. त्यामुळे पॅकिंगची तारीख बघून माशाचं वय काय कळणार.

कोळंबीची कथा वेगळीच. ती फ्रोझन म्हणूनच आली होती, पाकिटावर १ किलो. आजारपणानंतर नवऱ्याने एक पाकीट काढलं, वितळवून चाळणीत निथळवून वजन केलं तर ६४० ग्रॅम. बाकीचा बर्फ. फ्रोझन कोळंबीवर बर्फाचा पातळ थर देतात, त्याला ग्लेझ म्हणतात, त्याने ती सुकत नाही, हवा लागत नाही, चांगली गोष्ट आहे, पण पाकिटावरचं निव्वळ वजन तो थर सोडून लिहायचं असतं. एवढ्यावर भागलं नाही. पॅनमध्ये टाकली तर पांढरट फेसाळ पाणी सुटायला लागलं, सुटतच राहिलं, आणि मोठी दिसणारी कोळंबी आकसून नखाएवढी झाली, चव अशी की रबर चावतोय. कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून ठेवली की ती पाणी धरून ठेवते, फुगते, काचेसारखी चकचकीत दिसते. एका मर्यादेत हे कायद्याने चालतं, पण अती केलं की आपण प्रोटीनच्या भावात पाणी विकत घेतो, वर जास्तीचं सोडियम. १०० ग्रॅम कच्च्या कोळंबीत २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं म्हणतात, ते फुगवलेल्या कोळंबीत कुठून असणार. ज्यांना दमा आहे त्यांनी सल्फाइटचाही उल्लेख शोधा, कोळंबी काळी पडू नये म्हणून वापरतात, काहींना त्याने धाप लागते.

अजून एक, माझ्याकडूनच झालेला येडेपणा. ट्यूना व्हॅक्यूम पॅकमध्ये होता, घट्ट चिकटलेल्या प्लास्टिकचा, आणि मी तो तसाच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. मैत्रीण म्हणाली फ्रोझन मासा व्हॅक्यूम पॅकमध्ये आला तर वितळवायच्या आधी पाकीट फोड किंवा मासा बाहेर काढ, कारण हवा नसलेल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचा एक प्रकार साधारण ३.३ अंशाला सुद्धा वाढू शकतो, म्हणजे फ्रीजच्या थंडीतही. आपल्याला वाटतं व्हॅक्यूम पॅक म्हणजे जास्त सुरक्षित!

आता तक्रारीचं. विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी फोन केला होता. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला ॲलर्जी असेल, बाकी कुणाची तक्रार नाही." आणि डॉक्टरांनीही ॲलर्जीच सांगितल्यामुळे मी उलट त्याचीच माफी मागितली, बघा किती बावळट. तीन महिन्यांनी सगळं समजल्यावर परत फोन केला तर म्हणे तेव्हाच का नाही सांगितलं. मग पुढच्या ऑर्डरसाठी कूपन पाठवलं. पैसे परत नाहीतच.

रीतसर तक्रार द्यायला गेले तर समोरच्याने शांतपणे विचारलं, मासा आहे का? नाही. पाकीट? फेकलं. बॉक्स आला तेव्हाचा फोटो, तापमानाचा काही पुरावा? नाही. डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय? ॲलर्जी. मग आम्ही काय तपासायचं, असं तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नाही. तो सहा दिवसांचा तुकडा मी वासाला वैतागून फेकला, त्याऐवजी पहिल्याच रात्री पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाकला असता तर हिस्टामिन कुठे जाणार नव्हतं, लॅबमध्ये आकडा आला असता. तुमच्यापैकी कुणाचा चेहरा मासे खाल्ल्यावर असा लाल झाला तर आधी डॉक्टर, आणि घरी कुणीतरी उरलेला मासा पाकिटासकट फ्रीझरमध्ये टाका, डॉक्टरांना सांगा की बरोबरच्या माणसाला काय झालं, आणि हिस्टामिन असू शकेल का असं सरळ विचारा. खरी ॲलर्जीही असू शकते, ते त्यांनाच ठरवू द्या.

मला डॉक्टरांनी नंतर तपासण्या करून ॲलर्जी नाही असं सांगितलं. महिन्यापूर्वी डबाबंद ट्यूना भीतभीत खाल्ला, नवरा घड्याळ घेऊन समोर बसला होता. काही झालं नाही. आता फ्रीजमध्ये एक थर्मामीटर आहे, आणि मासे येतात तेव्हा आधी फोटो, मग सही.

कोळंबीचं दुसरं पाकीट मात्र अजून फ्रीझरमध्ये आहे, सील न फोडलेलं, वर छापलेलं १ किलो स्पष्ट दिसतंय. वजनाच्या तक्रारीसाठी ते घेऊन सोमवारी परत जातेय.