टिमी, जॉनी की स्पाइक? मॅजिकचा पहिला डेक घेण्याआधी

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे नियम कळले, मित्राच्या डेकने (म्हणजे खेळायच्या गठ्ठ्याने) आठ-दहा डाव खेळून झाले, आता स्वतःचा डेक हवा. इथे तीन वाटा फुटतात, म्हणजे खेळायचे तीन प्रकार. कमांडरचा तयार डेक घ्यायचा, नुसतं ड्राफ्ट खेळत राहायचं, की स्टँडर्डसाठी एकेक पत्ता जमवून स्पर्धेचा डेक बांधायचा? ‘यातलं चांगलं कुठलं’ असं विचारलंत, तर जो तो आपलंच घोडं पुढे दामटेल. आधी आपण कोण ते बघावं.

त्यासाठी नावं तयार आहेत. रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ १९९३मध्ये आला. तो घडवणाऱ्यांपैकी मार्क रोझवॉटर यांनी २००२मध्ये खेळाडूंच्या तीन स्वभावांवर सविस्तर लिहिलं: टिमी, जॉनी आणि स्पाइक. (टॅमी आणि जेनी ही मुलींची नावं नंतर जोडली गेली.) टिमीला काहीतरी अनुभवायचं असतं, जॉनीला स्वतःचं काहीतरी दाखवायचं असतं, स्पाइकला काहीतरी सिद्ध करायचं असतं. ही विभागणी मुळात पत्ते बनवणाऱ्यांच्या सोयीची, नवा पत्ता कुणासाठी आहे हे ठरवायला. त्यामुळे एखादा पत्ता बघून ‘असलं भंगार कोण खेळणार?’ असं वाटलं, तर तो बहुधा तुमच्यासाठी छापलेलाच नसतो.

गंमत अशी की नवखा माणूस हटकून स्वतःला स्पाइक समजतो. का, तर ‘मला जिंकायला आवडतं’. अहो, जिंकायला कुणाला आवडत नाही? मेंढीकोटाच्या बैठकीतही हे तिघं भेटतात. चारही मेंढ्या धरून कोटच चढवायचा, नाहीतर मजा नाही, म्हणणारा मामा. भलत्याच पानावर हुकूम काढून सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारा चुलतभाऊ. आणि गेलेली पानं मनात मोजत गप्प बसलेली आत्या. जिंकायचं तिघांनाही असतं. म्हणून मी जिंकण्याबद्दल विचारतच नाही. काल हरलेल्या डावातलं आज सकाळी काय आठवतंय, ते सांगा.

‘माझा डायनासोर टेबलावर उतरला तेव्हा सगळे ओरडले’ हे आठवत असेल, तर तुम्ही टिमी. ‘कोलोसल ड्रेडमॉ’ घ्या: सहा माना (पत्ता खेळायला खर्चायची जादूची ऊर्जा) मोजून येणारा, सहा ताकदीचा आणि सहा टिकावाचा डायनासोर, अगदी साधा कॉमन पत्ता. स्पर्धेतला माणूस त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, टिमी त्याच्यावर जीव टाकेल. मोठ्ठं काहीतरी घडावं, चार लोक हसावेत, एवढंच मागणं. अशा माणसाने कमांडरचा तयार डेक घ्यावा आणि फार विचार करू नये. शंभर पत्ते, बेसिक लँड (माना देणारे साधे पत्ते) सोडल्या तर प्रत्येक पत्ता एकच, सुरुवातीला २० ऐवजी ४० लाइफ, आणि टेबलाला सहसा चौघं. डाव लांबतो, म्हणून भरपूर माना खाणारे राक्षस खरंच उतरतात. असे तयार डेक २०११पासून मिळतात.

जॉनीवर जरा जास्त बोलतो, कारण मी त्यातला. २००१च्या ‘बॅटल ऑफ विट्स’ या पत्त्यावर लिहिलंय: तुमच्या पाळीच्या सुरुवातीला लायब्ररीत, म्हणजे ओढायच्या गठ्ठ्यात, २०० किंवा जास्त पत्ते असतील तर तुम्ही जिंकलात. ज्या खेळात सगळे ६० पत्त्यांचा आटोपशीर डेक बांधतात, तिथे अडीचशेचा गठ्ठा घेऊन बसायचं. तो मी बांधला. हातात मावेना, म्हणून चार ढिगाऱ्यांत पिसायचो आणि समोरचा घड्याळ बघायचा. बहुतेक डाव हरलो. जिंकलेला एक डाव मात्र अजून सांगतो, ऐकणारे कंटाळले तरी. हरल्यावर ‘आणखी एक माना असती तर जमलं असतं’ हे घोळत असेल, तर तुमची जात हीच.

जॉनीची अडचण अशी की तयार डेक दुसऱ्याच्या डोक्यातून आलेला असतो. साठ पत्त्यांत एकाच पत्त्याच्या चार प्रती ठेवता येतात, म्हणून कॉम्बो (एकत्र आले की डाव फिरवणाऱ्या पत्त्यांची जोडी) लवकर जुळतो. कमांडरमध्ये एकच प्रत. पण तुमचा कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या पत्ता, गठ्ठ्याबाहेर कायम हाताशी असतो, म्हणजे कॉम्बोचा अर्धा भाग डाव सुरू होण्याआधीच जुळलेला. म्हणून कमांडरच, पण सुटे पत्ते विकत घेऊन. बूस्टर (आत काय निघेल ते न कळणारी पुडी) फोडून हवा तो पत्ता मिळेल या आशेवर राहणं म्हणजे लॉटरी.

‘सुरुवातीचा तो हात ठेवायलाच नको होता’ हे ज्याला सकाळी आठवतं, तो स्पाइक. एक लाल माना, तीन डॅमेज, असा रुक्ष ‘लाइटनिंग बोल्ट’ त्याला ड्रेडमॉपेक्षा देखणा वाटतो. त्याने स्टँडर्ड खेळावं: किमान ६० पत्ते, १५चा साइडबोर्ड (दोन डावांच्या मध्ये बदलायचे राखीव पत्ते), एकास एक सामना. मात्र काही काळाने स्टँडर्डमधून जुने संच बाद होतात आणि खिसा पुन्हा मोकळा करावा लागतो. म्हणून आधी ‘मॅजिक अरीना’ या ऑनलाइन खेळावर फुकट हात साफ करा, मग कागदी पत्त्यांत पैसे घाला.

व्होर्थोस आणि मेल अशी आणखी दोन नावं कानावर येतील. पहिला चित्र आणि कथेत रमणारा, दुसरा नियमांच्या जुळणीत. कुणी टिमीही असतो आणि व्होर्थोसही. वाट निवडताना त्याने फार फरक पडत नाही.

सकाळी काहीच आठवत नसेल, तर एक ड्राफ्ट खेळा. प्रत्येकाला तीन बूस्टर. एक पत्ता उचलायचा, उरलेले शेजाऱ्याला द्यायचे, शेवटी किमान ४० पत्त्यांचा डेक. पैसे सगळ्यांचे सारखेच, म्हणून स्पाइकला ही स्वस्तातली खरी कसोटी. बाकीच्यांना आरसा. एकाच पुडीत भलामोठा ड्रॅगन, न कळणारा विचित्र पत्ता आणि समोरचा प्राणी मारणारा कमी मानांचा पत्ता निघाला, तर हात कुठे गेला ते लक्षात ठेवा. जिंकण्यासाठी काय उचलायला हवं होतं, हा प्रश्न तूर्त बाजूला.

आणि एक सावधगिरी. कमांडरच्या टेबलावर तिन्ही जाती एकत्र बसतात, भांडणं तिथेच होतात. सप्टेंबर २०२४मध्ये ‘माना क्रिप्ट’ आणि ‘ज्वेल्ड लोटस’सारख्या झटपट माना देणाऱ्या महागड्या पत्त्यांवर बंदी आली तेव्हा एवढा गदारोळ झाला, की या प्रकाराचा कारभार स्वतंत्र समितीकडून खेळ काढणाऱ्या कंपनीकडे गेला. २०२५मध्ये डेकच्या ताकदीनुसार पाच पायऱ्या आल्या. तरी पायरीचा आकडा बघून थांबू नका. बसण्याआधी विचारा, ‘तुमचा डेक साधारण कितव्या टर्नला जिंकतो?’ जो हसून ‘बघू’ म्हणेल तो टिमी. जो आकडा सांगेल तो स्पाइक. आणि जो खुर्ची ओढून समजावायला लागेल, त्याच्यासमोर चहा सांगून ठेवा.