लहानपणीचा मार लिहायचाय, कादंबरी करू का आत्मकथन?

फैजपूरचा एक दोस्त आहे, काकाने लहानपणी केलेल्या मारझोडीच्या दोन वह्या भरून पडल्यात त्याच्याकडे, आणि सहा महिने एकाच ठिकाणी अडकलाय की हे 'मी' म्हणून लिहू का नावं बदलून कादंबरी करू. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा म्हटलं लिहूनच टाकतो एकदाचं.

आपल्याकडे कादंबरी म्हटलं की कोसला. भालचंद्र नेमाडे आपल्या सांगवीचे, नायकाचं आडनावच सांगवीकर, पुस्तक १९६३ चं, तेव्हा नेमाडे पंचविशीचे आणि नायकही पंचविशीचाच, म्हणजे फार काही लपवलंय अशातला भाग नाही. तरी तो 'मी' नेमाडे नाही, पांडुरंग आहे, आणि तेवढ्या फटीत केवढी जागा मिळते बघा. बापाचा धाक, त्याच्यावरची चीड, पुण्याहून हरून गावात परत येणं, सगळं तिरकं चालून हसत हसत सांगता येतं. खरंच झालं होतं का, कधी, असं कोणी विचारायला येत नाही.

आत्मकथनात ही सोय नाही, पण ताकद पण तीच. किशोर शांताबाई काळेंचं कोल्हाट्याचं पोर (१९९४) घ्या, आई तमाशात, पोर आजोबाकडे राबतंय, मार खातंय, आणि शेवटी डॉक्टर होतंय. कादंबरी असती तर लोक म्हणाले असते काय फिल्मी आहे राव. बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव, तेही कव्हरवरच! अक्करमाशी (१९८४) तसंच. मासा हे सोनं तोलायचं जुनं वजन, बारा माशांचा तोळा, अकरा म्हणजे अपुरा, अनौरस पोराला देतात ती ही शिवी शरणकुमार लिंबाळेंनी उचलून पुस्तकाचं नाव केली. एखाद्या पात्राच्या गळ्यात घातली असती तर ती पात्राची राहिली असती, त्यांची नाही. बाप कोण, जात कुठली, शाळेत नाव काय लावायचं, हाच झगडा असेल तर सरळ 'मी' लिहा, माझं तरी हेच मत.

दोस्ताचा मामला तसा नाहीये. त्याला आडनाव आहे, पाच एकर केळी आहे, आणि मारणारा काका अजून समोरच्या ओट्यावर बसतो. बदनामीच्या फौजदारी केसमध्ये (आधी दंड संहितेचं कलम ४९९, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६) नुसतं 'खरं आहे' म्हणून भागत नाही, सांगणं लोकहिताचं होतं हे पण दाखवावं लागतं, आणि काका गेल्यावर छापलं तरी घरचे कोर्टात जाऊ शकतात. नाव बदललं आणि तरी गावाने ओळखलं तर कादंबरीलाही हे लागू आहे, त्यामुळे छापायच्या आधी वकिलाला दाखव. दुसरं म्हणजे वहीत चुलत बहीण पण आहे, तिनेही मार खाल्लाय, ती आता सासरी. तिचं तू कसं सांगणार? कादंबरीत तिचा भाऊ करता येतो, दोन पोरं मिळून एक करता येतात. आत्मकथनात तिला विचारावंच लागेल.

माझं सांगतो. आमच्याकडे मार म्हणजे ठिबकची नळी, सोळा एमेमची. तिचा वळ मधे पांढरा आणि दोन्ही कडांना लाल रेघ असा उठतो, रूळ टाकल्यासारखा. चार वर्षांपूर्वी 'मी' लावून लिहायला बसलो तर सहा पानं नुसती रडारड आणि बापाला शिव्या, मलाच वाचवेना. मग पोराला दुसरं नाव दिलं, गाव तापीच्या पलीकडे नेलं, तेव्हा पहिल्यांदा बापाचा हात दिसला, केळीच्या चिकाने काळा पडलेला, नळी धरलेला, आणि थरथरणारा. तो थरथरत होता हे मला 'मी' असताना आठवलंच नव्हतं.

म्हणून दोस्ता, पहिला खर्डा 'मी' नेच काढ, घरात बोलतात त्याच बोलीत, काही न झाकता. मग त्यातली दोनच पानं नाव बदलून लिही आणि दोन्ही मोठ्याने वाच. तुझं कादंबरीकडेच जाईल असं मला वाटतंय. फक्त घरच्यांना कळणार नाही ह्या भरवशावर करू नको. मी ते तापीपलीकडचं प्रकरण आईला वाचून दाखवलं, ती लसूण सोलत होती, शेवटपर्यंत काही बोलली नाही, आणि मग म्हणे, "त्या पोराच्या घरी बी ठिबकच व्हतं का रे?"