नॉर्थ यॉर्कशायर: जुनी दोन स्तरांची कौन्सिल (वर कौंटी, खाली डिस्ट्रिक्ट) की आत्ताची एकच?

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधल्या व्हिटबीत समजा तुमचं जुनं लिस्टेड (म्हणजे वारसा म्हणून कायद्यानं जपलेलं) घर आहे आणि लाकडी खिडकी सडलीय. मार्च २०२३ पर्यंत काय व्हायचं, तर खिडकी बदलायची परवानगी स्कारबरा बरो कौन्सिलकडे, कचरा उचलणारेही तेच, पण तोच कचरा पुढे विल्हेवाटीला कौंटी कौन्सिलकडे आणि दारासमोरचा खड्डासुद्धा कौंटीचाच, म्हणजे थेट कौंटीचं मुख्यालय नॉर्थअलर्टन! कौंटीखाली स्कारबरासारखे असे एकूण ७ डिस्ट्रिक्ट होते.

१ एप्रिल २०२३ पासून सगळं मिळून एकच नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिल. फोन कुठे करायचा हा घोळ संपला, हे मान्यच. पण स्कारबराचे निर्णय स्कारबरातच घेणारं वेगळं कौन्सिल गेलं ते गेलंच, आणि माझ्या मते जुन्या घरांच्या बाबतीत हा तोटा छोटा नाहीये, कारण कुठल्या गल्लीत कुठली खिडकी शोभते हे तिथलाच माणूस सांगू शकतो ना. नियम मात्र तेच, विनापरवाना प्लास्टिकची खिडकी ठोकलीत तर तो आजही गुन्हाच. आणि घर नॅशनल पार्कच्या हद्दीत असेल तर परवानगी आधीही पार्क अथॉरिटीकडे होती, आत्ताही तिकडेच.

पोलिसांचं वेगळंच. फोर्स आधीपासून एकच, यॉर्क शहर धरून. फक्त आधी त्यावर निवडून आलेला कमिशनर असायचा, मे २०२४ पासून ते अधिकार यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशायर मिळून निवडलेल्या मेयरकडे गेले.

मला विचाराल तर खड्ड्यांसाठी नवीन, खिडक्यांसाठी जुनी.