बाबांचं ‘पुष्पक’ म्हणून मला भंगार विकलं

जुनं विमान शोधत असाल तर त्याचा नंबर आधी आपल्या तोंडून काढू नका. समोरच्याला सांगू द्या. मी तर बाबांचा फोटोच दलालाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला आणि 8,58,500 रुपयांना बुडाले.

फोटो 1966 चा. बाबा पहिल्यांदा एकटे उडून उतरले तेव्हाचा. मागे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं दोन आसनी पुष्पक, अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारा भारतातल्या नोंदणीचा नंबर ठळक. 1958 साली पहिल्यांदा उडालेल्या या विमानावर फ्लाइंग क्लबांनी किती पोरं शिकवली! आठवड्याभरात दलालाचा फोन: “ताई, तुमच्या बाबांचंच सापडलं!” मराठवाड्यातल्या एका बंद क्लबच्या शेडमध्ये म्हणे.

बघायला गेले. पंखाच्या कापडाला बोट लावलं की फाटत होतं. आतल्या नळ्या गंजलेल्या, सगळीकडे पारव्यांची घाण. आणि त्या सगळ्यात नंबर मात्र काळाकुळकुळीत! त्यावर धूळसुद्धा नाही. कॉकपिटमधल्या पाटीचे रिव्हेट चकचकीत. मी विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, “पावसाने अक्षरं गेली होती, तुमच्यासाठी परत काढून घेतली.” जन्मभर बँकेत कर्जदारांचे सातबारे उलटसुलट तपासलेली मी बाई, त्याला थँक्यू म्हणाले.

आता सगळे शहाणे सांगतात, लॉगबुक, म्हणजे विमानाच्या उड्डाणांची नोंदवही, वाचायचं होतंस. वाचलं हो! वर्षानुवर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात आहेत हे आज दिसतं. त्या दिवशी मी त्यात बाबांचं नाव शोधत होते. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. नाव सापडलंही. सापडणारच, फोटोमागची तारीख मीच पाठवली होती ना. वर क्लबच्या विश्वस्तांचं सहीशिक्क्याचं पत्र. कोण संशय घेईल?

टोकन 51,000. उरलेले 4,25,000 आरटीजीएसने. ट्रेलरचे 64,500. ‘नाहरकत’ दाखल्याचे 38,000 रोख, पावती नाही. (विनापावती एक रुपया देऊ नका. नवरा हे रोज ऐकवतो.) मग त्याच्याच ओळखीच्या ‘लायसन्सवाल्या’ इंजिनियरला इंजिन ओव्हरहॉलचे 2,80,000 आगाऊ. पुष्पकला कॉन्टिनेन्टलचं 90 अश्वशक्तीचं सी-90 इंजिन असतं. काम चालू आहे म्हणून त्याने पाठवलेल्या फोटोतल्या पाटीवर होतं ओ-200, म्हणजे 100 अश्वशक्तीचं. दिसायला दोन्ही सख्खी भावंडं. बाबांच्या एका मित्राने फोटो मोठा करून दाखवला, तोवर दोघांचेही फोन बंद. तेच काका म्हणाले, “अगं, बाबांचं विमान सत्तरच्या दशकातच पडून मोडीत गेलं.” डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणीकृत विमानांची यादी संकेतस्थळावर फुकट बघता येते. तो नंबर तिथे नाहीच. पैसे देण्याआधी बघा, माझ्यासारखं नंतर नको.

पोलीस ठाण्यात गेले. “मॅडम, हा दिवाणी मामला. वकील गाठा.” खोटं लॉगबुक दिवाणी कसं? तर म्हणे शेड आमच्या हद्दीत नाही. शेडच्या हद्दीतले म्हणाले, पैसे पुण्यातून गेलेत, तिकडेच द्या. सायबरवाल्यांनी सांगितलं, माणूस समोर भेटलाय, मग हे सायबर नाही. विमानांशी संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला, तर उत्तर आलं की नोंदणीत नसलेली वस्तू त्यांच्या अखत्यारीत येत नाही. वस्तू! एका हवालदाराने तर हसून विचारलं, “विमान कुठं लावणार होता, पार्किंगला?” कर बुडवला असता तर यांना बरोबर सापडले असते. हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका, झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, त्याच ठाण्यात गुन्हा नोंदवायला सांगा. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लिहून न्या, कारण मला ते तोंडी सांगता आलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

इंजिनियरचा परवाना क्रमांक आधी मागा. विकणारा नोंदणीतला मालक नसेल तर तिथूनच परत फिरा.

हा दलाल वृत्तपत्रातल्या श्रद्धांजल्या वाचून जुन्या वैमानिकांच्या मुलांना गाठतो. मलाही फोन आधी त्याचाच आला होता. अशीच दुसरी तक्रार आली तर बघू, असं आता साहेब म्हणालेत. तेव्हा तुम्हालाही ‘बाबांचंच सापडलं’ असा फोन आला असेल, पैसे गेले असोत वा नसोत, तुमच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.